गाडी थांबवताना आधी क्लच की आधी ब्रेक? सिग्नलजवळ पोचलो की बाइक गचके देऊन बंद पडते, काय चुकतंय?

तुमचा क्लच उशिरा दाबला जातोय, बाकी काही नाही.

गिअर पडलेला असतो तोवर मागचं चाक आणि इंजिन एकमेकांना बांधलेले असतात, चाक हळू झालं की इंजिनही हळू होतं. १००-१५० सीसीच्या बाइकचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असतं, त्याच्या बरंच खाली ओढलं की ती आधी थरथरते, मग गचके देते, मग बंद. ती थरथर टाकीला लागलेल्या गुडघ्यांना बरोबर कळते. कळली की क्लच पूर्ण आत, अर्धा नाही.

म्हणजे रोजच्या थांबण्यात ॲक्सिलरेटर सोडायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू, एकेक गिअर कमी, आणि शेवटच्या दोन-तीन मीटरला क्लच. लांबूनच क्लच दाबून येऊ नका हं, इंजिनचा ब्रेक जातो आणि गाडी मोकळी सुटते, पावसात आमच्या गोव्यातला पर्वरीचा उतार उतरताना तर मुळीच नको. एकदम कुणी आडवं आलं तर मात्र ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम.

हात बसायला मी सकाळी देवळासमोरच्या मैदानावर एकच गोष्ट करायचो, पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटरला हात न लावता क्लच इतका हळू सोडायचा की एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे सरकू बघते, तोच हाफ क्लच, तिथे बोटं थांबवायची, दोन फूट जाऊ द्यायची, परत दाबून थांबायचं. चार-पाच दिवसांत बोटांना ती जागा पाठ झाली.

चढाचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. चोडणहून येताना रायबंदरला फेरीबोटीतून बाहेर पडायच्या चढावर माझी गाडी दोनदा बंद पडली, मागे रांग, पाय ओल्या लोखंडावर, घाम फुटला. मागच्या पायलटने, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याने, शांतपणे कोकणीत सांगितलं, "फाटलो ब्रेक धर, क्लच सवकास सोड," म्हणजे मागचा ब्रेक धर, क्लच सावकाश सोड. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हाफवर आणला, गाडी ओढ घ्यायला लागली तसा ब्रेक सोडला, आणि निघाली. तेव्हापासून कुठेही थांबलो की डावाच पाय टेकवतो.

आणि क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत असेल तर केबल सैल झालेली असू शकते, मेकॅनिकला दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.