पिकअपच्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस घरी बदलता येतील का? (फोंडा, गोवा)

येतात. क्रॉस म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. त्याच्या चार दांड्यांवर बेअरिंगचे कप असतात आणि ते योकच्या, म्हणजे दोन कानांच्या चिमट्याच्या, भोकांत बसतात. कामाला बेंच व्हाइस, सर्कलिप प्लायर, दोन सॉकेट आणि निवांत अर्धा दिवस हवा. रिव्हर्समधून फर्स्टला टाकताना ‘टक्’ आणि सावकाश चालताना चिंव-चिंव, ही तुम्ही लिहिलेली लक्षणं बहुतेक वेळा क्रॉसचीच असतात. तरी खात्री करा. चाकांना उटी लावून गाडी न्यूट्रलला ठेवा आणि एका हातात शाफ्ट, दुसऱ्यात योक धरून उलटसुलट पिळा. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमुळे शाफ्ट थोडा फिरणारच, तिकडे लक्ष देऊ नका. नजर क्रॉसवर ठेवा, तो योकमध्ये ढिला हलला तर गेलाच. कपाभोवतीची तांबडी पूड ही गंजाची खूण, पण आपल्याकडे पावसात गाडीचं पोटच तांबडं असतं. म्हणून धुऊन दोन-तीन दिवस चालवा. फक्त सीलच्या कडेला तांबडं परत आलं, तर आत ग्रीस उरलेलं नाही.

शाफ्ट निघाला की गाडी गिअरवर अडत नाही, हे विसरू नका. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी आणि मागे ॲक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर (नटबोल्टने जोडलेल्या चकतीवर) आणि स्प्लाइनच्या (सरकत्या दातेरी जोडाच्या) दोन्ही भागांवर रंगाची खूण करा. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. एक क्रॉस गती कमीजास्त करतो, दुसरा ती सावरतो. स्प्लाइन चुकीच्या दातात बसली तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. काही गाड्यांत शाफ्ट थेट गिअरबॉक्समध्ये शिरतो. तिथे तो ओढताच ऑइल गळतं, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा.

कप अडवणारं लॉक, म्हणजे सर्कलिप, निघत नसेल तर वायर ब्रशने खाच साफ करून कपावर हलकी थाप मारा, लॉकवरचा दाब सुटतो. लॉकच नसून धातू ठोकून कप अडवलेले असतील, तर हे काम घरी करू नका. कप काढायला एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, समोर कप आत मावेल इतका मोठा, आणि व्हाइस आवळा. व्हाइसमध्ये शाफ्टची नळी धरू नका, ती चेपली की बॅलन्स गेलाच. जुना क्रॉस घेऊनच स्पेअर पार्टच्या दुकानात जा. कपाचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी, दोन्ही व्हर्निअरने जुळवा.

बहुतेकांचं काम बिघडतं ते कप घालताना. कपातल्या बेअरिंगच्या बारीक सुया फक्त ग्रीसच्या आधाराने उभ्या असतात. आधी क्रॉस योकमध्ये घाला, तो थोडा वर उचलून त्याचा दांडा कपात शिरलेला ठेवा, मगच कप दाबा. कप खाचेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे अडला, तर एक सुई तळाशी आडवी पडली आहे असंच समजा. हातोडा मारू नका. कप काढा, सुई उभी करा, पुन्हा घाला. ठोकून बसवलेला कप थोड्याच दिवसांत जातो. उलट, नवा कप बोटाने ढकलून सरळ आत गेला तर योकचं भोक झिजलंय, योकच बदला. पंच मारून ते घट्ट करण्याच्या भानगडीत पडू नका.

सगळे लॉक खाचेत पूर्ण बसले की सांधा चारही दिशांना हलवून बघा. जड वाटला तर योकच्या कानावर पितळी हातोडीने एक-दोन ठोके द्या, कप लॉकला टेकून मोकळे होतात. मग लिथियम ईपी-२ ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत भरा. एका कपातून येत नसेल तर सांधा वाकवत पंप करा. तो कप कोरडा राहिला तर पहिला तोच जाणार. ग्रीस भरायचं निपल बसवतानाच ग्रीस गन पोचेल अशा बाजूला ठेवा.

एकाच शाफ्टचे दोन्ही क्रॉस एकदम बदला. फ्लँजचे नट नवे घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. कुळ्याहून दूधसागरकडे जाताना लागते तसल्या पाण्यातून गाडी नेली, तर त्याच संध्याकाळी ग्रीस मारा. चतुर्थीला किंवा दसऱ्याला गाडी धुवाल, तेव्हाही एकदा गन लावा.