डॉक्युमेंटरी ही फीचर फिल्मची पहिली पायरी आहे का? नाशिकमध्ये राहून दिग्दर्शक होता येईल का?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, "आधी दोन-चार डॉक्युमेंटरी करून घे, हात बसला की फीचरकडे वळ, आणि मुंबईला जायची तयारी ठेव." हे वाचलं आणि हातातलं एडिट तसंच उघडं टाकून लिहायला बसले, कारण हे "हात बसवायला डॉक्युमेंटरी" प्रकरण माझ्या डोक्यात जातं.

नाशकात सिनेमाचा विषय निघाला की पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक निघतंच. तुम्हीही काढलंय. बरं, मग फाळक्यांचंच घ्या. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधी या माणसाने कुंडीत वाटाणा पेरून, थोड्या थोड्या फ्रेम घेत, रोप वर येतानाची छोटीशी फिल्म केली होती आणि ती लोकांना दाखवून हरिश्चंद्रासाठी पैसे उभे केले होते. घरचे दागिने, विम्याची पॉलिसी हे सगळं होतंच, पण समोरच्याला पटलं ते त्या वाटाण्यामुळे. पुढे बिऱ्हाड नाशिकला आणलं, इथे मोहिनी भस्मासुर केला, ज्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या, मग सत्यवान सावित्री, आणि हे पौराणिक सिनेमे चालू असतानाच सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मही केली ज्यात ते स्वतः दिसतात. पायरी असती तर वर चढलेला माणूस परत खाली कशाला येईल? श्याम बेनेगलांनी जाहिराती आणि डॉक्युमेंटरी मिळून शेकडो केल्या, मग १९७४ ला अंकुर, आणि नाव झाल्यावर पुन्हा सत्यजित रायांवर डॉक्युमेंटरी. आपले जब्बार पटेल, सिंहासन आणि उंबरठा करून झाल्यावर कुमार गंधर्वांवर फिल्म करतात. सुमित्रा भावे तर समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या, फिल्म स्कूलचं तोंड न बघता १९८५ ला बाई ही छोटी फिल्म केली, आणि दहा वर्षांनी सुनील सुकथनकरांबरोबर दोघी हा सिनेमा. हे लोक हात बसवत नव्हते हो.

आता माझं सांगते, लांबेल, सहन करा.

मी दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागांवर एक डॉक्युमेंटरी केली होती. म्हणजे बागांवर नाही, बागेत काम करायला पेठ-सुरगाण्याकडून ज्या टोळ्या येतात त्यातल्या बायांवर. थोडे पैसे एका संस्थेने दिले, बाकीचे मी सातपूर-अंबडच्या कंपन्यांसाठी हेल्मेट घाला, मशीनमध्ये हात घालू नका छाप सेफ्टी फिल्म करून काढले. ऑक्टोबर छाटणीनंतर मुकादम पिकअपमधून टोळी आणतो, बागेच्या कडेला पाल पडतं, आणि मग डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी, काढणी, सगळं एकराच्या हिशोबाने उक्तं. विरळणी कधी बघितलीय का? मांडवाखाली उभं राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर, एका हातात घड तोललेला आणि दुसऱ्या हातात छोटी कात्री, घडातले मधले मणी टिपून काढायचे म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर. संध्याकाळी मान खाली करताना बाया दोन्ही हातांनी डोकं धरून खाली आणतात. मी ते शूट केलंय आणि त्यावर म्युझिक टाकलेलं नाही.

ही फिल्म बघून मला एका मराठी फीचरवर असोसिएट डायरेक्टर म्हणून बोलावलं, कारण त्यांची गोष्ट द्राक्षवाल्या गावातली होती. प्रोड्युसर, डायरेक्टर दोघांचीही नावं घेत नाही, आणि कमेंटमध्ये विचारू नका. स्क्रिप्टमध्ये काढणी भर पावसात होती! ती मी भांडून फेब्रुवारीत आणली, तेव्हाच माझं नाव "डॉक्युमेंटरी मॅडम" पडलं. नंतर मी काहीही बोलले की ऐकायला मिळायचं, "मॅडम, इथे डॉक्युमेंटरी नको, आपण सिनेमा करतोय." सेटवर ही शिवी असते हे लक्षात ठेवा.

तर मेन सीन असा की हिरोइनचा बाप गेलाय, बाग विकली जाणार, आणि ती शेवटची एकदा बागेत येते, एक घड तोडते, छातीशी धरते आणि रडते. कागदावर चांगला सीन आहे, मी नाही म्हणत नाही. टेक झाला. हिरोइनने घड असा मुठीत आवळला आणि हिसका देऊन ओढला. मागे उभ्या करायला आम्ही खऱ्या टोळीतल्या बाया घेतल्या होत्या, त्यातली एक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, अशी मूठ मारली तर मुकादम उद्याच्याला कामावर घेणार नाय." कारण काय, तर एक्स्पोर्टच्या घडाला कोणी असं हात लावतच नाही. देठाला धरायचं, कात्रीने कापायचं आणि क्रेटमध्ये अलगद ठेवायचं. मण्यांवर जी पांढरट भुकटीसारखी झाक असते ना, ती बोटं लागली की पुसली जाते, काळपट ठसे दिसतात आणि तो घड मग पॅकहाऊसला वेगळा काढतात. ज्या पोरीचं आयुष्य बागेत गेलं ती बाप मेला म्हणून घड चुरगाळणार नाही. उलट रडतानाही देठालाच धरेल, आणि माझ्या मते तोच खरा सीन होता! हात आपोआप शिस्तीत चालतायत आणि तोंड रडतंय.

मी डायरेक्टरला सांगितलं. त्याने प्रोड्युसरकडे बघितलं. त्या बाईने कमरेची कात्री काढून हातात पण दिली. ऊन उतरत होतं हे खरं, कॅमेरामन घड्याळ बघत होता हेही खरं, पण दहा मिनिटांचं काम होतं. प्रोड्युसर म्हणाला, "पब्लिकला काय कळतंय? डोळ्यात पाणी दिसलं की झालं." आणि पॅकअप.

सिनेमा लागला. पहिल्या रविवारी नाशिकलाच एका थिएटरला टीम गेली होती, शो बऱ्यापैकी भरलेला, पिंपळगाव, ओझर, निफाडकडची पोरं गाड्या भरून आलेली कारण जाहिरातच "आपल्या मातीतला सिनेमा" अशी होती. तो सीन आला. व्हायोलिन सुरू. हिरोइनने मूठ मारली, घड ओढला, छातीशी दाबला, आणि मागच्या रांगेतून आवाज, "गेला माल लोकलला!" म्हणजे एक्स्पोर्टमधून बाद, आता इथल्याच बाजारात विकायचा. सगळं थिएटर हसलं. म्हणजे बाप मेलाय आणि थिएटर हसतंय. त्यापुढचा अर्धा तास लोकांनी सिनेमा सीरियसली घेतलाच नाही, प्रत्येक सीनला कोणीतरी काहीतरी बोलायचं. बाहेर आल्यावर प्रोड्युसर साहेब म्हणाले, "इथलं पब्लिकच असलं." अजूनही कुठल्या कार्यक्रमात भेटले की त्यांचं तेच, नाशिकचं पब्लिक, नाशिकचं पब्लिक. अहो, पब्लिकला कळतं म्हणूनच ते हसलं ना! त्याला नसतं कळत तर रडलं असतं तुमच्या व्हायोलिनवर. हे मला त्यांना तोंडावर सांगायचं होतं, ते इथे सांगितलं, वाचत असतील तर वाचा.

म्हणून तुमच्या सरांना सांगा की डॉक्युमेंटरीने हात बसत नाही, नजर बसते, आणि ती फीचरच्या सेटवर नेली की पहिले काही दिवस लोक तुम्हाला टोमणे मारतात. तरी न्यायची. नंतर मी स्वतःचं एक फीचर केलं, लहान बजेटचं, दोन-तीन फेस्टिव्हलना गेलं, थिएटरला एक आठवडा तग धरला, पण त्यात काम करणाऱ्याचे हात चुकीचे दिसले असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

आता तुमचे मूळ प्रश्न. मुंबईला राहायला जावंच लागतं का, तर नाही. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जा, मिटिंगा करा, संध्याकाळी पंचवटीनेच परत, माझी कित्येक वर्षं अशीच गेली आणि डब्यात बसून केलेली पेपर एडिट, म्हणजे कुठला शॉट कुठे जाणार हे आधी कागदावर लावणं, सगळ्यात चांगली झाली. शूटिंग चालू असताना मात्र तिथे कुणाकडे तरी अंथरूण लागतं. पैसे? डॉक्युमेंटरीवर घर चालत नाही, हे आत्ताच घरी सांगून टाका. कंपन्यांच्या फिल्म, लग्नं, शाळांचं गॅदरिंग, लाजायचं काही कारण नाही. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्याच्या जमान्यात, १९४८ पासून पुढे, थिएटरला मेन सिनेमाच्या आधी डॉक्युमेंटरी दाखवावीच लागायची, तेव्हा निदान कामं निघायची. २०२२ मध्ये ते खातंच एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. आता गोव्याचा फिल्म बाजार, कोलकात्याचं डॉकएज अशा ठिकाणी पैसे घालणाऱ्यांसमोर प्रोजेक्ट घेऊन उभं राहावं लागतं, इंग्लिशमध्ये बोलावं लागतं, त्याची तयारी करा.

एक गोष्ट मात्र सरांच्या बाजूने बोलते, नाहीतर एकतर्फी होईल. डॉक्युमेंटरीवाल्यांना नटांशी बोलता येत नाही. आपल्याला सवय असते गप्प उभं राहून वाट बघायची, आणि नट बिचारा समोर उभा की मी करू काय. शिवाय डॉक्युमेंटरीला आपण तिघं-चौघं असतो, फीचरला ऐंशी माणसं जेवायला असतात आणि प्रत्येक तासाला पैसे जळत असतात, तेव्हा त्या प्रोड्युसरची घाई अगदीच खोटी होती असं नाही. सगळे प्रोड्युसर तसे नसतात हेही खरं, माझ्या फीचरच्या प्रोड्युसरने एक अक्षर बदलायला लावलं नाही. नटांचं शिकायचं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत इथल्या हौशी ग्रुपच्या तालमींना जाऊन बसा. प्रयोग नंतर बघा, आधी तालीम बघा, तिथे दिग्दर्शक एकच वाक्य दहा प्रकारे कसं म्हणवून घेतो ते कळेल. हे कोणी फुकट शिकवत नाही, इथे फुकट मिळतं.

आणि २०२७ च्या सिंहस्थावर डॉक्युमेंटरी करायचा विचार आहे असं लिहिलंय, तर प्लीज, रामकुंडाचा ड्रोन शॉट आणि चिलीम ओढणारे साधू नको. ते करायला जगभरातून लोक येणार आहेत. तेव्हा गोदाघाटावर रात्री झाडणारी माणसं असतील, फुलवाले असतील, ज्यांची टपरी उठवली जाणार ते असतील. त्यांच्याकडे पर्वणीच्या आधी निदान सहा महिने जात राहा, कॅमेरा न काढता.

कॅमेरा कोणता घेऊ, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सध्या मोबाईल आहे तो वापरा. पैसे असतील तर कॉलरचे चांगले वायरलेस माइक आणि त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी घ्या, घाटावर फार वारं असतं.