तिकडून गावासाठी काही करता येईल का?

तू विचारलंस, नवऱ्याला ओस्लोत नोकरी लागतेय, मुलगा सात वर्षांचा आहे, जावं का? आणि खाली लिहिलंस, 'बर्मावाले बाहेर राहून आपल्या देशातल्या लोकशाहीसाठी झटतात. तसं तिकडून आपल्या राजापूरसाठी काही करता येईल का?' व्हिसा, पगार, घरभाडं ही माहिती तुला सरकारी पानांवर मिळेल. मला त्या शेवटच्या ओळीपायी दोन रात्री झोप नाही.

मी रत्नागिरीची, थिबा पॅलेसच्या बाजूला वाढलेली. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचललेला बर्माचा राजा थिबा आपल्याकडे तीस वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला, एवढं मला माहीत होतं. हद्दपारी म्हणजे काय ते ओस्लोत कळलं, कामावरच्या एका बर्मी बाईंमुळे. तिथल्या लष्करी राजवटीविरुद्ध १९८८ मध्ये उठाव झाला, तेव्हा त्या कॉलेजात होत्या. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, 'आमचा राजा तुमच्याकडे आहे.'

त्यांच्याबरोबर जाऊन मी त्यांचं लोकशाहीसाठीचं काम जवळून पाहिलं. फलक घेऊन उभं राहणं वर्षातून तीन-चार वेळा. बाकी सगळी लिखापढी, भाषांतरं, खासदारांच्या भेटी. १९९० ची निवडणूक लोकशाहीवाल्यांनी जिंकली तरी लष्कराने सत्ता दिली नाही, तेव्हा निवडून आलेल्यांपैकी काहींनी सीमेवर जाऊन वेगळं सरकार स्थापलं. १९९२ मध्ये ओस्लोतून 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा' हा रेडिओ सुरू झाला. देशात लोक तो चोरून ऐकत. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, त्यानंतर यांगूनमध्ये रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी बडवायचे, इडापिडा बाहेर जावी म्हणून. बाईंनी तो आवाज मला फोनवर ऐकवला. मला आपला शिमगा आठवला आणि रडूच आलं.

मग टेलेनॉरचं प्रकरण. इथली फोन कंपनी, निम्म्याहून जास्त हिस्सा नॉर्वे सरकारचा. तिने म्यानमारमधला, म्हणजे बर्मातला, धंदा विकायला काढला. १ कोटी ८० लाख ग्राहकांची माहिती लष्कराच्या हाती लागेल, अशी या लोकांना धास्ती. तिथल्या ४७४ संस्थांच्या वतीने इथे तक्रार दाखल झाली. तरी मार्च २०२२ मध्ये विक्री झालीच. पुढच्या शनिवारी बाई पुन्हा पत्रं पाकिटात घालत बसल्या होत्या. आतल्या माणसाने बोललं तर तुरुंग, म्हणून बाहेरच्याने बोलायचं, एवढा साधा हिशोब. त्याची किंमत मात्र मोठी आहे. आई गेली तेव्हा त्यांना जाता आलं नाही. भावाला त्या फोन करत नाहीत, त्याच्या दारात पोलीस नकोत म्हणून.

आता माझं ऐक. मला जाता येतं. रात्री कोकणकन्येत बसलं की पहाटे रत्नागिरी. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या सर्वेक्षणाला विरोध करायला बायका उन्हात बसल्या, त्यांत माझी मावशी होती. मी तिचा व्हिडिओ चार जणांना पाठवला आणि कामाला गेले. परदेशातल्या भारतीयाला नमुना ६-अ भरून मतदारयादीत नाव घालता येतं, मत द्यायला मात्र गावच्या केंद्रावर स्वतः जावं लागतं. मी तो अर्जसुद्धा भरला नाही. तू निघायच्या आधी त्याची माहिती काढ.

आणि शाळा. माझ्या मुलीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. ते घालून घ्यायला माझे वडील भर पावसात कचेरीत चार खेपा गेले, प्रत्येक वेळी वेगळा कागद मागितला. तोवर इथे सगळं अडून. मग शाळेने तिला भाषेच्या वेगळ्या वर्गात बसवलं, काही महिने म्हणून, आणि दोन वर्षं ठेवलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, घरी नॉर्वेजियनच बोला. आम्ही ऐकलं! मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये मी माझ्या लेकरावर माया केली. आता ती सतरा वर्षांची आहे. आजी फोनवर 'काय गो, जेवलीस काय?' विचारते आणि ती माझ्याकडे बघते. हे मी अजून पचवलेलं नाही. ते बर्मी लोक दर शनिवारी सभेआधी तासभर मुलांना आपली अक्षरं शिकवत. मी शेजारी चहा पीत बसायचे, पण आपल्या पोरीला बाराखडी शिकवावी असं मला तेव्हा सुचलं नाही. तू मुलाशी मराठीतच बोल, कोणी काहीही सांगो.

एकटेपणाचं विचारलं नाहीस ते बरं. नोव्हेंबरअखेर साडेतीनला अंधारायला लागतं, माणूस कामाला लागतो.

ये तू. पण बारसूसाठी काही करायचं तर सड्यावरच्या बायकांना आधी विचारून ये, त्यांना बाहेरून काय हवंय. बर्मी बाईंना कोणाचं काय हवंय ते नेमकं माहीत असतं. मी कधी विचारलंच नाही.

थिबाच्या समाधीवर ठेवायला त्यांनी मला हाताने विणलेला एक रुमाल दिलाय. त्यानंतर मी दोनदा भारतात आले, दोन्ही वेळा मुंबईत लग्न, आठ दिवस, आणि परत. रुमाल माझ्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, 'ठेवलास का?'