नणंदेची स्पीडी विकायची आहे? आधी डांबरगोळ्या काढा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नणंदेनं २०१२ च्या सुमारास न्यू जर्सीहून आणलेली लुई व्हिटॉनची स्पीडी ३० ही हँडबॅग आणि एक कोच कंपनीची बॅग, दोन्ही कपाटात पडून आहेत. पावत्या नाहीत. स्पीडी एका ॲपवर टाकली तर पहिल्याच माणसानं "मागच्या बाजूला एलव्ही उलटे आहेत, डुप्लिकेट आहे" असं लिहून तुमचा मूड घालवला. विकाव्यात का, कशा, किती मिळतील, त्यावर कर लागेल का, आणि त्यात भर घालून सेकंडहँड शनेल घ्यावी का?

मी दुकानदार नाही. २०१४ ते २०१९ नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योत, निशिकासाईला होतो, तिथे ही लागण झाली. पुण्यात परत आल्यापासून वीसेक बॅगा घेतल्या आणि विकल्या असतील. फसलेही आहे, ते पुढे सांगते.

आधी ते उलटे एलव्ही. साध्या मोनोग्राम (एलव्ही ही अक्षरं आणि फुलं छापलेल्या) स्पीडीचं अंग कापडाच्या एकाच लांब तुकड्याचं असतं. तो पुढून खाली येतो, तळाखालून जातो आणि मागून वर चढतो, तळाला जोड नसतो. एकाच दिशेनं कुयऱ्या छापलेल्या कापडाची पिशवी आपण तळाला न जोडता शिवली तर एका बाजूच्या कुयऱ्या उलट्याच येणार, तसंच हे. म्हणजे त्या गृहस्थांनी ज्यावरून तुमची बॅग नकली ठरवली, ते खरं तर तिच्या बाजूनं जाणारं लक्षण आहे. पण त्यावरून ती असलीही ठरत नाही, कारण नकला करणाऱ्यांनाही हे केव्हाच माहीत झालंय.

तेच तारखेच्या कोडचं. आतल्या सपाट खिशापाशी चामड्याची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर दोन अक्षरं आणि चार आकडे दाबलेले असतात. २००७ पासूनच्या बॅगांवर पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. ११८२ असेल तर १८ वा आठवडा, साल २०१२. अक्षरं कारखान्याची असतात. 'सीए' म्हणजे स्पेन. आता कोड सीएचा आणि आतल्या शिक्क्यावर 'मेड इन फ्रान्स' असेल तर बॅग खाली ठेवायची आणि चहा घेऊन निघायचं. पण कोड आणि शिक्का जुळले म्हणून नाचायचं नाही. हा कोड प्रत्येक बॅगेचा वेगळा क्रमांक नसतो, त्यामुळे नकली मालावरही जुळणारा कोड सर्रास मारलेला असतो. मार्च २०२१ पासून कंपनीनं हा कोड बंद करून बॅगेत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. म्हणजे नव्या बॅगेवर कोड नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि २०२३ ची बॅग म्हणून कोड दाखवणाऱ्याला मात्र एक प्रश्न जरूर विचारायचा.

'मेड इन यूएसए' पाहून दचकणारे खूप भेटतील. लुई व्हिटॉनचा माल फ्रान्सखेरीज स्पेन, इटली आणि अमेरिकेतही बनतो. उलट कोणी "ऑथेंटिसिटी कार्डसकट" म्हणून क्रेडिट कार्डासारखा तुकडा दाखवला तर मी तिथेच थांबते, कारण ही कंपनी असं कार्ड देतच नाही. "आउटलेटमधून सेलमध्ये घेतली होती" हेही तसलंच. यांचं आउटलेट नाही आणि सेल लागत नाही.

मग कशावरून ठरवायचं? माझ्या मते बॅगेपेक्षा विकणाऱ्याकडे जास्त बघायचं. कधी घेतली, कुठून, का विकताय, आतल्या पट्टीचा फोटो मिळेल का, हँडल जिथे शिवलंय तिथला जवळून मिळेल का? खरी मालकीण कंटाळत का होईना, तासाभरात फोटो पाठवते. दुसरी "आणखी दोन पार्ट्या थांबल्यात" म्हणते. गेल्या दहा वर्षांत या एका फरकानं मला जितकं वाचवलं तितकं कुठल्याही भिंगानं नाही.

चामडं मात्र बघा. स्पीडीची हँडलं आणि कडा न रंगवलेल्या गाईच्या कातड्याच्या असतात. नवी असताना बिस्किटाच्या रंगाची, मग हाताच्या घामानं, तेलानं, उन्हानं मधासारखी होत जातात. वापरलेल्या बॅगेचं हँडल मुठीत धरायच्या जागी गडद आणि शिवणीपाशी फिकट असतं. सगळीकडे एकसारखं तपकिरी असेल तर कोणीतरी ते रंगवलंय.

निशिकासाईच्या दिवसांत मी पहिल्यांदा बॅग विकायला एका दुकानात गेले ते अजून डोळ्यांसमोर आहे. जपानमध्ये ऐंशीच्या दशकातल्या तेजीत लोकांनी ब्रँडच्या बॅगा पोत्यानं घेतल्या, आणि आता त्या कपाटांतून बाहेर येतायत. जुन्याच्या व्यापाराला तिथे पोलिसांमार्फत परवाना लागतो, विकणाऱ्याचं ओळखपत्र नोंदवून घेतात. मोठी घराणी आहेत, नागोयाचं कोमेह्यो तर १९४७ पासूनचं. तर काउंटरवरच्या बाईंनी पांढरे हातमोजे चढवले, बॅग मखमली ट्रेमध्ये ठेवली. मला वाटलं आता भिंग काढतील. त्यांनी चेन उघडली आणि सरळ आत नाक घातलं. दोन सेकंद. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यानंतरच कोपरे, शिवण, शिक्का वगैरे. मला लहानपणी दारात बसणारी बोहारीण आठवली. तीही पातळ घेताना जरीची तारीफ ऐकून घ्यायची नाही, उजेडाकडे धरून विरलेलं कुठे दिसतंय तेवढं बघायची आणि मग पातेल्याचा आकार ठरवायची.

त्या बाईंनी लिहिलं होतं: वास थोडा, दोन कोपरे घासलेले, आत पेनाची रेघ. दर्जा 'बी'. तिथे एस, ए, एबी, बी, सी अशी उतरंड असते आणि तिथला 'बी' आपल्याकडच्या 'लाइक न्यू'पेक्षा बरा निघतो. (तरीही जपानी साइटवरून भारतात मागवू नका. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला आपल्याकडे परवाना लागतो, पार्सल कस्टममध्ये अडकलं की सोडवताना बॅगेचा मोह उतरतो.)

वास का, तर तो सहजी जात नाही. सिगारेट, बुरशी, आणि आपल्याकडची खासियत म्हणजे डांबरगोळ्या. तुमची स्पीडी साड्यांच्या कपाटात होती असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून सांगते, आज बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर ती फेका, जुन्या सुती उशीच्या अभ्ऱ्यात ठेवा, आत कोरे कागद कोंबा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पंखा असलेल्या खोलीत आठ-दहा दिवस राहू द्या. उन्हात नको, कातडं डागाळेल. परफ्यूम तर मुळीच नको. आणि मुंबईतल्या मैत्रिणींनो, नव्वदच्या दशकातल्या काही बॅगांचं आतलं अस्तर दमट हवेत चिकट होतं, सोलवटून हाताला लागतं. फोटोत ते दिसत नाही. घेणार असाल तर "आत हात घालून सांगा, चिकटतंय का" असं स्पष्ट विचारा.

आता फोटो. पांढऱ्या चादरीवर, खिडकीशेजारी, सकाळी. समोर, मागे, तळ, चारही कोपरे, दोन्ही हँडलं, चेन, आतला शिक्का, कोडची पट्टी, आणि जो काही डाग आहे तो बोटानं दाखवून. डाग लपवला की पार्सल परत येतं. दाखवला की घासाघीस होते पण व्यवहार होतो. माझी स्पीडी मी तळावरच्या कॉफीच्या थेंबासकट दाखवली होती, चौथ्या दिवशी ४१ हजारांना गेली. हे २०२३ मधलं, याला भाव समजू नका. भाव बघायचा असेल तर लोक किती मागतायत ते बघू नका, विकल्या गेलेल्यांचे आकडे बघा. ईबेवर 'सोल्ड'ची गाळणी लावता येते. अमेरिकेतले आकडे इथे जसेच्या तसे लागत नाहीत, पण उतरंड कळते.

कुठे विकायची? कन्साइनमेंटवाले बॅग ठेवून घेतात, तपासतात, विकली गेल्यावर कमिशन कापून पैसे देतात. कमिशन बोचतं, पण पावती नसलेल्या बॅगेला त्यांच्या तपासणीचा आधार मिळतो, म्हणून तुम्हाला मी हेच सुचवेन. बॅग हातातून जायच्या आधी कमिशन, मुदत आणि न विकल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. एलव्हीच्या दुकानात जाऊन "खरी आहे का सांगा" म्हणू नका, ते सांगत नाहीत. फोटोंवरून फी घेऊन दाखला देणारे तज्ज्ञ आहेत, सूक्ष्मदर्शी कॅमेरा आणि सॉफ्टवेअर वापरणारं एंट्रुपीसारखं यंत्रही काही विक्रेत्यांकडे असतं. दाखला असला की गिऱ्हाईक कमी हुज्जत घालतं. पण जुना माल विकणाऱ्या मोठ्या नावावरही डोळे मिटून भिस्त ठेवायची नाही. २०१८ मध्ये शनेलनं अमेरिकेतल्या द रिअलरिअलवर नकली बॅगा विकल्याचा आरोप करत दावा लावला होता.

थेट गिऱ्हाइकाला विकणार असाल तर माझी फजिती ऐका. एका ॲपवरून मी छोटी खांद्याची बॅग पाठवली. तीन दिवसांनी "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परत आली. खोका माझाच, वर माझ्या हातची चिकटपट्टीसुद्धा दिसत होती. आत बॅग दुसरी. रंग तोच, आकार तोच, चेन ओढली आणि कळलं. ॲपवाल्यांचं उत्तर आलं की दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून निर्णय करणं शक्य नाही. पैसे गिऱ्हाइकाकडे, नकली बॅग माझ्याकडे. ती पुढे विकताही येत नाही, कारण खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा गुन्हा आहे, 'फर्स्ट कॉपी' म्हणून सांगून विकला तरी.

तेव्हापासून पाठवण्याआधी मी बॅगेचे ठसे घेते. शिवणीपाशी नक्षी कुठे कापली गेलीय, एखादं फूल अर्धं आहे की पाऊण, हँडलवरचा डाग कुठल्या टाक्यापाशी, याचे जवळून फोटो. मग बॅग, कोड, खोका, चिकटपट्टी आणि कुरियरची चिठ्ठी असा एकसलग व्हिडिओ, मध्ये न थांबवता. आणि परत आलेलं पार्सल उघडतानाही कॅमेरा चालू.

पैशांबद्दल एकच. फोनवर कोणीतरी "मी फौजेत आहे, बदली झालीय, बायकोसाठी हवीय, भाव मान्य" म्हणेल आणि लगेच क्यूआर कोड पाठवेल. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर उद्यावर टाकू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा.

करांचं भय तुम्ही विचारलंय. घरात वापरलेली बॅग विकली तर ती वैयक्तिक वापराची वस्तू, भांडवली नफ्याच्या हिशेबात येत नाही. दागिन्यांना ही सूट नाही. दर महिन्याला पाच-पाच विकायला लागलात तर तो धंदा, मग सीएला भेटा.

कोचबद्दल थोडं वाईट वाटेल. अमेरिकेहून आपल्याकडे येणाऱ्या कोचच्या बॅगांतल्या कितीतरी आउटलेटच्या असतात, म्हणजे शोरूमचा राहिलेला माल नव्हे, आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला. आतल्या चामड्याच्या चौकोनावर क्रमांक बघा. बरीच वर्षं आउटलेटच्या मॉडेल क्रमांकाआधी 'एफ' यायचा. असला तर बॅग खरीच आहे, पण विकून जेमतेम एका बऱ्या जेवणाचे पैसे येतील. त्यापेक्षा वापरा.

शनेल? त्यांची मधल्या आकाराची क्लासिक फ्लॅप ही झाकणाची बॅग २०१९ मध्ये नवी सहा हजार डॉलरच्या आत होती, २०२३ मध्ये दहा हजारांच्या वर गेली. त्या उडीमुळे "बॅग म्हणजे गुंतवणूक" असं सगळे बोलायला लागले. एर्मेसची बर्किन आणि अशा मोजक्या सोडल्या तर बहुतेक बॅगा दुकानाबाहेर पडताच गाडीसारख्या घसरतात. स्पीडीच्या पैशांत शनेलचं फार तर पाकीट येईल, आणि फ्लॅपसाठी भर घालायची तर ती भर म्हणजे जवळजवळ पूर्ण किंमतच. आवडली म्हणून घ्या, जरूर घ्या, पण दुकानाच्या बिलासकट आणि परत घेण्याच्या लेखी अटीसकट. नणंदेला दाखवून विकणार आहात ना? ते आधी उरका.

आणि खिशापाशी असलेल्या त्या पट्टीचा फोटो इथे टाकाल तेव्हा शेवटचे दोन आकडे झाकू नका, त्यातला एक सालाचा आहे.