पणजोबा पहिल्या महायुद्धात होते? सुरुवात घरातून करा

लंडनच्या कागदपत्रांमागे एवढ्यात लागू नका. आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. पदक सापडलं तर चिंच लावून घासू मात्र नका! त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंग घेऊन वाचा, फोटो काढा. पलटण कळली की निम्मं काम झालं.

मग एवढंच सांभाळा:

- १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले. ११०वी मराठा पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. महायुद्धासाठी जुनाच नंबर शोधा.
- कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फक्त मृतांची. तिथे नाव नाही म्हणजे पणजोबा लढाईवर गेलेच नाहीत, असं नव्हे.
- जिल्हा तेव्हाचा धरा. सिंधुदुर्ग १९८१चा, त्याआधी रत्नागिरी. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तर चार तऱ्हांनी टाकून बघा.

आणि घरात नुसतं ‘बसऱ्याला होते’ एवढंच ऐकलं असेल, तर लगेच कुतच्या वेढ्यात (तिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला कोंडलं होतं) नेऊन बसवू नका. मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, जाणाऱ्या फौजेचं मुख्य बंदरच बसरा होतं. नवखे बहुतेक इथेच घसरतात.