सुई डोलते, मीटर बिघडला का?

प्रश्न : मी जळगावच्या डाळ मिलमध्ये फिटर आहे. ब्लोअरच्या बेअरिंगचं कंपन मोजायला मीटरचा ट्रॅकिंग फिल्टर (शाफ्टच्या फेऱ्यांशी जुळणारं कंपनच निवडणारा) लावला, पण सुई थांबतच नाही. दर दीड सेकंदाला वर-खाली होते.

उत्तर : भाऊ, मीटरला बोल लावू नका. शेजारी दुसरा ब्लोअर चालू असेल, बघा. समजा तुमचा मिनिटाला १४८० फेऱ्यांवर म्हणजे २४.६७ हर्ट्झ (सेकंदाला तितक्या फेऱ्या), तो १४४० वर म्हणजे २४. फरक ०.६७, दोन्ही कंपनं मिसळली की त्याचाच ठोका दीड सेकंदाला पडतो. फिल्टरची बँडविड्थ, म्हणजे तो आत घेतो तो हर्ट्झचा पट्टा, रुंद असली की दोघंही आत शिरतात. ती ०.२ हर्ट्झपर्यंत आवळा. मग घाई नको. जितकी अरुंद, तितका सुई स्थिरावायला वेळ. पाच-दहा सेकंद तरी. (भुसावळला असताना मी चहाचा कप हातात घेऊनच रीडिंगला उभा राहायचो.)

टॅकोची (फेऱ्या मोजून फिल्टरला वेग कळवणाऱ्या यंत्राची) चकचकीत पट्टी कुठे चिकटवलीत, ते तुम्ही लिहिलं नाही. ब्लोअर बेल्टवर असेल तर ती मोटरवर नको, पंख्याच्या शाफ्टवर हवी. पुली लहान-मोठी असली की फेऱ्या वेगळ्या. आधी डाळीची पूड फडक्याने पुसा, नाहीतर पट्टी दुपारपर्यंत गळून पडते. आणि खात्रीच करायची तर शेजारचा ब्लोअर पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा, मालक कुरकुरतील.