कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं, आता काय?

दिवाळीच्या भेटींचे डबे घरात आले की चॉकलेटबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी तीच निवडली आहेत. काही जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर २८ किलोचा आहे. सासरे त्याला रोज जेवणानंतर मिल्क चॉकलेटचा एक तुकडा देतात. ‘इतकी वर्षं खातोय, काय झालं त्याला?’ असं म्हणतात. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं हे खरं, की उगाच घातलेली भीती? (पुणे)

खरं आहे. आणि सासऱ्यांचा अनुभवही खरा आहे. कोकोमध्ये थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं, सोबत थोडं कॅफिन. आपलं शरीर ते काही तासांत निकालात काढतं, कुत्र्याला त्याच कामाला फार वेळ लागतो. त्यामुळे ते रक्तात साचून राहतं आणि हृदय व मेंदू यांना सतत चेतवत राहतं. पण किती साचेल हे कुत्र्याचं वजन, चॉकलेटचा प्रकार आणि खाल्लेलं प्रमाण या तीन गोष्टींवर ठरतं.

वजनाच्या दर किलोमागे ही द्रव्यं २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेली की पोट बिघडतं आणि अस्वस्थता सुरू होते. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडू लागतात. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ही द्रव्यं साधारण २ मिलिग्रॅमहून थोडी जास्त असतात, डार्कमध्ये ५ ते ८ आणि कोको पावडरमध्ये २० ते २८. तुमच्या लॅबला पाच ग्रॅमच्या तुकड्यातून किलोमागे अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, म्हणून त्याला काही झालं नाही. मिल्क चॉकलेटचा शंभर ग्रॅमचा अख्खा बार चार किलोच्या कुत्र्यानं खाल्ला, तर त्याचा हिशोब किलोमागे पन्नासच्या वर जातो.

मला त्या तुकड्यापेक्षा त्याच्या सवयीची काळजी वाटते. रोज त्या वासाची चटक लागलेला लॅब टीपॉयवरचा डार्क चॉकलेटचा डबा सोडणार नाही, आणि तो वेष्टनासकट फस्त करेल. सासऱ्यांचा खाऊ देण्यातला आनंद मात्र हिरावून घेऊ नका. गाजराचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याची फोड त्यांच्या हाती द्या. कुत्र्याला त्यांच्या हातचं खायचंय, चॉकलेटच हवं असा त्याचा हट्ट नाही.

प्रश्न : मी घरी केक करून विकते. रात्री दहाच्या सुमारास आमच्या ४ किलोच्या पॉम (पॉमेरेनियन) कुत्रीनं ओट्याखाली सांडलेली कोको पावडर चाटली. किती, ते सांगता येत नाही. डॉक्टरांचा फोन बंद होता. शेजारच्या काकू म्हणाल्या मिठाचं पाणी पाजा, बहीण म्हणाली दूध-तूप द्या, इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड वाचलं. घाबरून आम्ही काहीच केलं नाही. रात्रभर ती धापा टाकत येरझाऱ्या घालत होती. वाचली. पण अशा वेळी नेमकं करायचं काय? (नाशिक)

ती वाचली याचा फार आनंद झाला. पण थोडक्यात निभावलं. सपाट भरलेले दोन मोठे चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम कोको. चार किलोच्या जिवाला तेवढ्यातून किलोमागे ५० ते ७० मिलिग्रॅम मिळतात. घरात बेकिंग करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चॉकलेटच्या बारपेक्षा कोकोचा उघडा डबा कितीतरी पटींनी धोक्याचा आहे.

आता क्रमानं. आधी उरलेलं सगळं तिच्या तोंडापासून दूर करा. मग वेष्टन किंवा डबा हातात घ्या आणि चार गोष्टी कागदावर लिहा : कुत्र्याचं वजन, कोणतं चॉकलेट, जास्तीत जास्त किती गेलं असेल आणि किती वाजता. प्रमाणाचा अंदाज नेहमी वरचाच धरा. पाकीट दोनशे ग्रॅमचं होतं आणि दीडशे उरलंय, तर पन्नास पोटात गेलं असं समजा. मग फोन. नेहमीचे डॉक्टर नाहीत तर दुसरे, तेही नाहीत तर रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना. हे नंबर आजच शोधून फ्रिजवर चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला रात्री नंबर सापडत नाही.

‘अजून तर ठीक दिसतेय’ म्हणून थांबू नका. अस्वस्थता, तहान, उलट्या दोन-चार तासांत सुरू होतात, पण थरथर, छातीची धडधड, झटके ही गंभीर लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांत दिसतात. उलटी करवून विष बाहेर काढण्याचा सगळ्यात चांगला काळ त्याआधीचा, पहिल्या दोन तासांचा असतो. चॉकलेट पोटात गोळा होऊन चिकटून राहतं, त्यामुळे उशीर झाला तरी जाण्यात अर्थ असतोच.

मिठाचं पाणी कधीही पाजू नका. रक्तातलं सोडियम एकदम वाढतं आणि त्यानंच मेंदूला इजा होऊन कुत्रा दगावू शकतो. दूध-तुपानं विष उतरत नाही, उलट चरबीची भर पडते. घशात बोट घालणंही नको. हायड्रोजन पेरॉक्साइड काही वेळा डॉक्टर फोनवरून द्यायला सांगतात, पण ते ३ टक्क्यांचं आणि वजनाप्रमाणे मोजून. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुतेकदा ६ टक्क्यांची असते, ती तशीच पाजली तर अन्ननलिका आणि जठर पोळतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, किंवा थरथरत असलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला घरी उलटी करवायचीच नाही. ती फुफ्फुसात जाते.

प्रश्न : डार्क चॉकलेट खाल्ल्यावर आमच्या बीगलला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. वेळेवर उलटीही करवली होती. मग सलाइन, कोळशाचं औषध, वर लघवीची नळी. बिल बरंच झालं. एवढं सगळं खरंच लागतं का? (ठाणे)

तुमच्या कुत्र्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण यातली प्रत्येक गोष्ट कारणाशिवाय केलेली दिसत नाही. थिओब्रोमिनवर उतारा नाही. ते शरीराबाहेर जाईपर्यंत कुत्र्याला सांभाळायचं, हाच उपचार. कुत्र्याच्या रक्तातलं थिओब्रोमिन निम्म्यावर यायला सुमारे साडेसतरा तास लागतात. म्हणजे पस्तीस तासांनीही पाव हिस्सा उरतो. दोन दिवस याच हिशोबातून येतात, काहींना तिसराही लागतो.

कोळसा म्हणजे सक्रिय कोळशाची पूड. यकृतातून पित्तावाटे हे द्रव्य पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथून परत रक्तात शिरतं. कोळसा त्याला आतड्यातच धरून ठेवतो, म्हणून तो एकापेक्षा जास्त वेळा द्यावा लागतो. नळीचं कारण त्याहून चमत्कारिक आहे. मूत्राशयात साठलेल्या लघवीतूनही थिओब्रोमिन भिंतीतून परत रक्तात शोषलं जातं. मूत्राशय सतत रिकामं ठेवलं की ही परतीची वाट बंद होते. सौम्य त्रासात घरी सोडलेल्या कुत्र्यालाही म्हणूनच भरपूर पाणी द्यावं आणि दर थोड्या वेळानं शूला खाली न्यावं, रात्रीसुद्धा.

प्रश्न : पांढरं चॉकलेट चालतं ना? आणि फ्रूट अँड नट? (कोल्हापूर)

पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नाममात्र असतं. पण चरबी-साखरेचा तो गोळा जास्त खाल्ला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं वाईट. फ्रूट अँड नटमधले मनुके हे वेगळंच विष आहे. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि नेमक्या किती मनुक्यांनी हे सांगता येत नाही. त्यामुळे मनुका पोटात गेला असेल तर हिशोब करत बसू नका, फोन करा. अलीकडे संशय टार्टरिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. चिंचेचा कोळ आणि मनुके घातलेली चटणी कुत्र्याला चाटायला देऊ नका.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. त्यांचं शुगर-फ्री चॉकलेट आमच्या इंडी (देशी) कुत्र्यानं पळवलं. साखर नाही म्हणजे धोका कमीच ना? (पणजी)

नाही, जास्त असू शकतो. त्यातली गोडी कशाची, हे आधी पाहा. वेष्टनावरच्या बारीक अक्षरात ‘झायलिटॉल’ किंवा ९६७ हा क्रमांक असेल तर चॉकलेट बाजूला राहिलं, खरा शत्रू तो आहे. कुत्र्याच्या शरीरात झायलिटॉलमुळे इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर कधी अर्ध्या तासातच कोसळते. जास्त प्रमाणात गेलं तर यकृतही निकामी होतं. ९६५ म्हणजे माल्टिटॉल. त्यानं जुलाब होतील, पण हे संकट येत नाही. चॉकलेट डार्क असेल तर कोकोचा हिशोब मात्र उरतोच.

झायलिटॉल सापडलं तर फोनवर बोलत बोलतच निघा, वेष्टन सोबत घ्या. वाटेत तो लटपटायला लागला, मान टाकू लागला, तर बोटावर मध किंवा साखरेचा पाक घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळा. घोटभर पाजू नका, ठसका लागेल. दवाखान्यात पोचेपर्यंत दर काही मिनिटांनी हे करत राहा. पोचल्याबरोबर ‘झायलिटॉल’ हा शब्द आधी सांगा, म्हणजे डॉक्टर सर्वांत आधी रक्तातली साखर तपासतील.